परतीचा दगड

त्या वर्षी खाडीत म्हातारी कालवं होती, पिल्लं नव्हती.

हे एकदम कळत नाही. ओहोटीला खडकावर बसलं की नजर मोठ्या कालवांवरच असते. कोयतीच्या टोकाने वरचं झाकण उचकटायचं, आतला मऊ गोळा डब्यात टाकायचा, पुढच्या खडकाकडे सरकायचं. नखाएवढी पिल्लं आम्ही कधी बघत नव्हतो. ती फक्त तळपाय कापायची. एक शिवी हासडून पुढे जायचं, एवढाच त्यांचा आमचा संबंध. एक दिवस द्वारकाअक्का, माझी थोरली जाऊ, गुडघाभर पाण्यात थांबली आणि एक पाय वर करून बघत राहिली.

"गो शेवंते," ती मला म्हणाली, "यंदा पाय कसे काय साबूत ऱ्हवले?"

आम्ही हसलो. मग आपापल्या तळव्यांकडे बघितलं आणि हसणं थांबलं.

आमचं भाटवणे खाडीच्या आतल्या वळणावर आहे. खाली, खाडी समुद्राला मिळते तिथे खडकोली. दोन्ही गावांच्या बायका कालवांवर जगत आल्या. तिसऱ्या, त्या छोट्या शिंपल्या, आधीच गेल्या होत्या, कुर्ल्यांची म्हणजे खेकड्यांची कवचं बोटाने दाबली तर दबत होती. कालवं मात्र टिकून होती म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण जी होती ती जुनी होती. आमच्या गावासारखंच झालं होतं. ओसरीवर म्हातारी माणसं बसलेली, अंगणात पोर नाही.

सरकारी समुद्र-केंद्रातून अर्शिया मुकादम यायची. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातली मुलगी, शिकून मोठी झाली होती. बायका तिला मॅडम म्हणायच्या आणि ती आम्हाला मावशी. तिनेच आम्हाला हे नीट सांगितलं, आणि एकदा नाही, कंटाळा न करता कितीतरी वेळा.

माणसं जे जे जाळतात, कोळसा, तेल, लाकूड, त्यातून कर्बवायू निघतो. तो सगळा आकाशात राहत नाही. त्यातला मोठा हिस्सा समुद्र पोटात घेतो. पाण्यात विरघळला की त्याचं सौम्य आम्ल होतं. चव घेऊन कळणार नाही इतकं सौम्य. पण ते आम्ल पाण्यात बारीक मोकळे कण सोडतं, आणि हे कण कार्बोनेट नावाच्या पदार्थाला जाऊन चिकटतात. आता कालवाचं कवच म्हणजे चुनखडी, आणि चुनखडीला कॅल्शियम लागतं आणि कार्बोनेट लागतं. कॅल्शियम समुद्रात पुष्कळ आहे. कार्बोनेट मात्र त्या कणांनी आधीच धरून ठेवलेलं असतं. गवंडी आहे, पाणी आहे, वाळू आहे, आणि विटा दुसऱ्याने उचलून नेल्यात, असं ते होतं.

मला हे लवकर पटलं. लहानपणी आमच्या घरी शिंपल्याचा चमचा होता. मी तो एकदा कोकमाच्या आगळात विसरले होते. दुसऱ्या दिवशी काढला तर त्याची चमक गेली होती आणि कड खरखरीत झाली होती. आईने पाठीत धपाटा घातला होता.

अर्शिया म्हणायची, मोठ्या कालवाला हे सोसतं. त्याचं घर बांधून झालेलं असतं. खरी अडचण पिल्लाची. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दोन दिवसांत त्याला पहिलं कवच घडवावं लागतं, आणि तेव्हा त्याला अजून खाता येत नसतं. आईने अंड्यात जी शिदोरी बांधून दिलेली असते तिच्यावरच सगळं. पाणी आंबट असलं की विटा मिळवायलाच सगळी ताकद जाते. शिदोरी संपते, घर अर्धं राहतं. असं पिल्लू मेलेलं दिसतसुद्धा नाही. ते नुसतं नसतं.

आमच्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात आणि पावसाळ्याच्या अखेरीला खोल समुद्रातलं थंड पाणी वर येतं. ते मुळातच जास्त आंबट. त्यात नद्यांचं पावसाचं पाणी मिसळतं, त्याला आम्ल मारायची ताकद नसते. आणि नेमकी तेव्हाच, नवरात्राच्या मागेपुढे, कालवं पाण्यात आपलं बी, म्हणजे अंडी, सोडतात.

म्हणून समुद्र-केंद्राने तो पेटारा आणला.

खाडीच्या मध्यावर एक तराफा बांधला होता. वर सूर्यपत्रे, मध्ये कपाटाएवढी पेटी. समुद्राचं पाणी आत ओढायचं, विजेच्या पट्ट्यांमधून न्यायचं, की त्याचे दोन वाटे होतात. एकात आम्ल, दुसऱ्यात आम्लाला मारणारा खार. आम्लाचं पाणी नळीने किनाऱ्यावरच्या खड्ड्यात सोडायचं. तिथे काळ्या दगडाची खडी भरलेली होती, त्या खडीवर ते हळूहळू मरायचं. खाराचं पाणी खाडीत परत. जिथे ते जाईल तिथे पिल्लांना दोन दिवस विटा मिळणार. अख्खा समुद्र सुधारणार नव्हता. अर्शियाने कधी तसं म्हटलंही नाही. ती म्हणायची, ही बाळंतिणीची खोली आहे, तेवढीच शेकायची.

खाराचं पाणी भरतीला सोडलं तर ते वर चढून भाटवण्याच्या वळणात घोटाळतं. ओहोटीला सोडलं तर खाली जाऊन खडकोलीच्या खडकांआड अडतं. वीज एका बाजूपुरती होती. अर्शियाने पहिल्याच सभेत सांगितलं होतं की बाजू एक निवडा.

आम्ही निवडली नाही. आमच्याकडे होडीत जे येतं त्याचे वाटे होतात. होडीवाल्याचा, जाळ्याचा, ओढणाऱ्याचा, आणि आजारी पडून घरी राहिलेला असेल त्याचासुद्धा. वाटा न करणं म्हणजे चोरी, हे आम्ही दुधाबरोबर प्यालेलो. दोन्ही गावांनी ठरवलं, अर्धं भरतीला, अर्धं ओहोटीला. अर्शियाने पुन्हा समजावून बघितलं. गावाने ऐकून घेतलं, तिला चहा दिला आणि वाटे केले.

त्या वर्षी दोन्हीकडचं पाणी अर्धं सुधारलं. पिल्लाला अर्ध्याचा उपयोग नसतो. दोन्हीकडे खडक रिकामे राहिले.

दुसऱ्या वर्षी सभेत कोणी वाट्याचं नाव काढलं नाही. कोणाची बाजू घ्यायची याचंही नाव काढलं नाही. शेवटी खडकोलीच्या एका म्हाताऱ्याने माझं नाव घेतलं. मी भाटवण्याची सून, नवऱ्यामागेही तिथेच राहिलेली. माझी लेक दर्शना खडकोलीत दिलेली. ही आपल्या गावाचा गळा कापणार नाही आणि लेकीचाही कापणार नाही, असं तो म्हणाला. लोकांना ते पटलं. मला कोणी विचारलं नाही. तराफ्यावरच्या झडपेला एक चक्री होती, ती कधी फिरवायची हे मी ठरवायचं होतं.

मी अर्शियाला म्हटलं, एवढं मोठं यंत्र केलंत, त्याला हे ठरवता येत नाही?

"त्याला भरती कळते, ओहोटी कळते," ती म्हणाली. "कोणाची बाजू घ्यायची ते कळत नाही, मावशी. मलाही नाही कळत."

आता दगडाचं सांगायला हवं.

या खाडीवर लग्नात मुलीबरोबर एक दगड जातो. माहेरच्या खडकाचा, बारीक कालवं चिकटलेला, दोन हातांत मावेल एवढा. नवी नवरी पहिल्या मोठ्या ओहोटीला तो सासरच्या पाण्यात ठेवते. तिच्या माहेरची कालवं तिथे वाढतात आणि सासरच्या कालवांत मिसळून जातात. कोणी चालू केलं ठाऊक नाही. माझा दगडही मी असाच आणला होता, दक्षिणेकडच्या एका खाडीतून. ती खाडी आता रिकामी आहे. माझं माहेर म्हणून जे काही उरलं ते भाटवण्याच्या वळणावर, पाण्याखाली. दर्शनाने इथला दगड खडकोलीला नेला.

दगड जातो तो एकाच दिशेने. माघारी येतो तो फक्त टाकलेल्या बाईबरोबर. नवऱ्याने घराबाहेर काढलं तर सासरची माणसं माहेरच्या पाण्यात एक दगड आणून टाकतात, की सगळ्या गावाला कळतं. माझ्या आयुष्यात मी ते एकदाच बघितलं. ती बाई पुढे जास्त जगली नाही.

नवरात्राच्या आधी मी दोन्हीकडची कालवं उघडून बघितली. बी सोडायच्या आधी कालव भरतं, दुधासारखं पांढरं आणि घट्ट होतं. भाटवण्याची कालवं पातळ होती, पाणचट. त्या वर्षी वरून पूर फार आला होता आणि आमच्या वळणाला त्याचा मार बसला होता. खडकोलीची भरलेली होती. अर्शियाच्या मोजमापातही तेच आलं. म्हणजे ओहोटीला सोडलं तर बी निदान असणार होतं. भरतीला सोडलं तर नसलेल्या बाळाची खोली शेकल्यासारखं होणार होतं.

हे इतकं स्पष्ट होतं की मला त्याचीच भीती वाटली. खडकोलीला कालवं उघडताना दर्शना माझ्याबरोबर होती. कुठल्या खडकाची उघडायची ते तिनेच दाखवलं होतं.

तिने मला काही मागितलं नव्हतं. तिचा नवरा नितेश गोव्याला बोटीवर कामाला जायचं म्हणत होता. कालवं नसतील तर तिलाही जावं लागणार होतं, आणि घराला कुलूप. आमच्या बाजूला कुलपं पुष्कळ आहेत. निघताना ती होडीत माझ्यासमोर बसली, पाण्यात हात घालून.

"आये," ती म्हणाली, "माझ्याकडे बघून काय करू नको. पण माझ्याकडे पाठ फिरवूची म्हणून पण काय करू नको."

तेवढंच बोलली. पण त्याहून अवघड कोणी काही बोललं असतं असं मला वाटत नाही.

मी चक्री ओहोटीला फिरवली. त्या ओहोटीला, पुढच्या ओहोटीला, आणि अर्शियाने पुरे म्हणेपर्यंत दर ओहोटीला. भरती आली की बंद. भाटवण्याच्या बायका काठावर उभ्या राहून बघत होत्या. मी त्यांना पातळ कालवांचं सांगितलं. अर्शियाने सांगितलं, आकडे दाखवले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि कोणीही खोटं म्हटलं नाही. खोटं म्हटलं असतं तर मला बोलता आलं असतं.

अक्काचं आणि माझं घर शेजारी शेजारी, मध्ये फक्त दगडी गडगा. आम्ही दोघी विधवा, दोघींच्या चुली वेगळ्या, पण कालवण गडग्यावरून जायचं यायचं. तिचं आंबटीचं, माझं सुक्या मासळीचं. त्या दिवशी वाटी आली नाही. मी माझी नेऊन गडग्यावर ठेवली. सकाळी तशीच होती, मुंग्या लागलेली.

काही दिवसांनी ती विहिरीवर भेटली. दोर माझ्या हातात देताना म्हणाली, "जेवतंस आमच्यात, नि पाणी दितंस लेकीक."

मी म्हणू शकले असते की तुझ्या कालवांत बी नव्हतं. ते तिलाही माहीत होतं. तिने आयुष्यभर कालवं उघडली होती. तिचा राग त्यावर नव्हता. भाटवण्याची कालवं भरलेली असती तर मी चक्री कुठे फिरवली असती, हे तिला विचारायचं होतं. रात्री आढ्याकडे बघत मी ते स्वतःला विचारलं आहे, आणि दर वेळी विचारता विचारता झोप लागली आहे. म्हातारपणी एवढी सोय असते.

शिमग्याच्या सुमारास खडकोलीच्या खडकांवर पिल्लं दिसली. फार नाहीत. आधीच्या काळात आम्ही त्यांना काही म्हटलंही नसतं. पण होती. दर्शनाने फोनवर तळपाय दाखवला, टाचेपाशी बारीकशी चीर, आणि हसली. मीही हसले. गडग्यापलीकडे अक्का भांडी घासत होती. मी आवाज बारीक केला.

आमच्या वळणावर काही नव्हतं. जुन्या कालवांची कवचं कोयती लागली की पापुद्र्यासारखी सुटत होती. बायका ओहोटीला जाऊन लवकर परत यायच्या. कोणी माझ्या बाजूच्या खडकावर बसत नव्हतं.

अर्शिया आली तेव्हा म्हणाली, एकदा खडकाला चिकटलेलं पिल्लू बरंचसं सावरलेलं असतं. खडकोलीचे काही दगड उचलून भाटवण्याला आणले तर इथे जगतीलही, आणि पुढे मोठी होऊन बी सोडतील. तिला वाटलं मी उठून उभी राहीन. मी तिला दगडाची रीत सांगितली. ती पलीकडच्या मोहल्ल्यातली असली तरी तिला ऐकून माहीत होती, पण हे लक्षात आलं नव्हतं. ती डोकं धरून बसली. मग म्हणाली की केंद्राच्या होडीतून आणू, कुठल्या बाईने आणायची गरज नाही. मी म्हटलं, मॅडम, दगड कोणीही आणला तरी भाटवण्यात विचारतील, कोणाच्या लेकीचा? खडकोलीतली अर्धी घरं आमच्या लेकींची आहेत. एकीवर तरी नाव येणार.

मी दर्शनाला यातलं काही सांगितलं नाही. एकदा लेकीसाठी केलं म्हणून ऐकून घेतलं होतं. आता लेकीला गावासाठी वापरलं म्हणून ऐकायचं माझ्यात त्राण नव्हतं. अर्शियाने सांगितलं असणार. तसं मी तिला कधी विचारलं नाही.

पुढच्या मोठ्या ओहोटीला आम्ही सगळ्या पाण्यात होतो. खालून नितेशची होडी आली. तो वल्हवत होता आणि दर्शना पुढे बसली होती, मांडीवर काही नाही, दोन्ही हात रिकामे. होडी चिखलाला लागली तशी ती उतरली आणि माझ्यापाशी येऊन उभी राहिली. मग नितेश उतरला. होडीच्या तळातून त्याने दगड उचलला आणि खांद्यावर घेतला. त्याचा सदरा भिजला. दगडाची कड खांद्यात रुतत होती ते दिसत होतं.

बायकांची कामं थांबली. एकीच्या हातातली कोयती पाण्यात पडली, ती तिने उचललीसुद्धा नाही.

नितेश तसा कमी बोलणारा माणूस. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तेव्हाही पोरांनी ढकलावं लागलं होतं. तो वळणाच्या मध्यावर आला, सगळ्यांना दिसेल असा उभा राहिला आणि चिखलाकडे बघत बोलला.

"बायको माझ्या घरातच आसा. दगड मी घेऊन इलंय."

त्याने जरा वाट बघितली. काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. जावयाने दगड आणायची रीतच नव्हती, मग ठेवायची कुठून असणार? त्याने वाकून दगड पाण्यात ठेवला, हात धुतले आणि बाजूला झाला.

मला पुढे व्हायला हवं होतं. पण माझ्यामागे भाटवणं होतं, शेजारी दर्शना होती, आणि त्या दगडाकडे जाणारं पहिलं पाऊल माझं पडलं तर तो पुन्हा माझ्या लेकीचाच दगड होणार होता. मी तिथेच उभी राहिले.

अक्का वरच्या खडकावर होती. तिने डबा खाली ठेवला. लुगडं खोचलं आणि चिखल तुडवत आली, माझ्याकडे न बघता माझ्या पुढून गेली. दगडापाशी थांबली, कमरेवर हात ठेवून. मला वाटलं उचलून परत होडीत टाकते.

"दगड असो नाय ठेवूचो," ती नितेशला म्हणाली. "पोरां खाली गेली. चिखलात मरतली."

ती वाकली. दोन्ही हातांनी दगड धरला आणि उलटा केला. पिल्लं वर आली, करड्या रंगाची, नखाएवढी. उन्हात त्यांच्या कडा ओल्या चमकत होत्या. तिने दगड हलवून बसवला, बाजूला दोन खडे लावले, पुन्हा हलवून बघितला. मग उभी राहिली आणि हाताकडे बघितलं. तळव्याला कापलं होतं, चांगलं रक्त येत होतं.

तिने हात खाडीच्या पाण्यात धुतला आणि एक सणसणीत शिवी दिली. फार दिवसांनी ऐकली ती आम्ही त्या पाण्यात.

दोन्ही गावांनी आता ठरवलं आहे की एक वर्ष या बाजूचं, एक वर्ष त्या बाजूचं, आणि ज्यांच्याकडे पिल्लं होतील त्यांनी दुसऱ्यांना दगड द्यायचे. दगड पुरुष नेतात. समुद्र काही सुधारलेला नाही. पाण्यातल्या कार्बोनेटचा अर्शियाचा आकडा दर वर्षी आणखी थोडा खाली येतो, आणि पेटाऱ्याला तेवढंच जास्त काम पडतं. एक दिवस तो पुरणार नाही, हे ती सांगते आणि आम्ही ऐकतो.

चक्री मी सोडली. आता ती अक्काकडे आहे. नवरात्र जवळ आलं आहे, आणि काल संध्याकाळी गडग्यावर वाटी होती.